केनियातल्या अनाथालयात सेवेला जाण्याआधी

तिकीट काढायची घाई करू नकोस. आधी संस्थेला विचार: मुलांचे नातेवाईक हयात आहेत का, आणि त्यांना घरी परत पाठवण्यासाठी तुम्ही काय करता? अनाथालयातल्या बऱ्याच मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात, गरिबीपायी मूल तिथे आलेलं असतं. केनिया सरकारने 2017 मध्ये नव्या बालगृहांची नोंदणीच थांबवली. तुझ्यावर गुन्हा नाही असं पोलीस प्रमाणपत्र न मागता, नुसते पैसे घेऊन थेट मुलांमध्ये सोडणारी संस्था मला तरी नको वाटते. प्रमाणपत्राचा अर्ज आपल्या ठाण्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातूनच होतो.

महिनाभर लळा लावून निघून येणं मुलांना फार जड जातं गं. दर महिन्याला नवी ताई येते आणि जाते. म्हणून तिथल्या कर्मचाऱ्यांच्या हाताखालचं काम माग: हिशेब, कॉम्प्युटर, त्यांना शिकवणं. त्याआधी काही महिने दर शनिवारी ठाण्यातल्याच एखाद्या बालगृहात जा. नेमाने जाणं जमतं का, ते तिथे कळेल. मुलांचे फोटो मात्र काढायचे नाहीत, इथेही आणि तिथेही. आपल्याकडे 2015 च्या बाल न्याय कायद्याने अशा मुलांची ओळख उघड करायला बंदीच आहे.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस अधिकृत केंद्रातच मिळते, मुंबईत तशी केंद्रं आहेत. प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घे. ते प्रमाणपत्र नसेल तर परतताना विमानतळावरून 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.