शाब्दिक उदाहरण दिसलं की मुलगी विचारते, "बेरीज करू की वजाबाकी?" काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी तिसरीत आहे, मांडून दिलेली बेरीज-वजाबाकी झरझर करते, पाढेही बरे येतात. पण शाब्दिक उदाहरण समोर आलं की वाचून व्हायच्या आतच विचारते, "यात बेरीज करायची की वजाबाकी?" 'एकूण' आलं की बेरीज, 'उरले' आलं की वजाबाकी, 'प्रत्येकी' आलं की गुणाकार, असा तक्ता करून तुम्ही भिंतीवर लावलात, तरी निम्मी उदाहरणं चुकतात.

प्राथमिकच्या मुलांना मी बरीच वर्षं गणित शिकवते आहे. माझा पहिला सल्ला तुम्हाला कदाचित आवडणार नाही: तो तक्ता काढून टाका. त्यात शब्द कमी पडलेत म्हणून मुलगी चुकत नाही. त्या तक्त्यानेच तिला उदाहरण न वाचायची सवय लावली आहे.

ही तीन उदाहरणं पाहा.

मीनाकडे १२ गोट्या आहेत. तिच्याकडे राजूपेक्षा ५ गोट्या जास्त आहेत. राजूकडे किती?

बसमधून एका थांब्यावर ८ प्रवासी उतरले. आता बसमध्ये १५ उरले. आधी किती होते?

तीन खोक्यांत मिळून २४ खडू आहेत. प्रत्येक खोक्यात सारखेच आहेत. एका खोक्यात किती?

पहिल्यात 'जास्त' आहे, म्हणून तक्त्याप्रमाणे १७. खरं उत्तर ७. दुसऱ्यात 'उतरले' आणि 'उरले' दोन्ही आहेत, म्हणून १५ मधून ८ वजा. पण आधी प्रवासी २३ होते. तिसऱ्यात 'मिळून' बेरजेकडे ढकलतो आणि 'प्रत्येक' गुणाकाराकडे, करायचा असतो मात्र भागाकार. पहिली-दुसरीची उदाहरणं अशी बेतलेली असतात की खुणेचा शब्द धरला तरी बहुतेक वेळा उत्तर बरोबर येतं. म्हणूनच ही युक्ती चांगली वाटते. तिसरीपासून ती दगा द्यायला लागते, पण तोवर मुलाने वाक्य सोडून शब्द आणि आकडे तेवढे टिपायची सवय लावून घेतलेली असते.

ही सवय किती पक्की होते याचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. १९८० च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे प्राथमिकच्या मुलांना विचारलं गेलं: एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेल्या आकड्यांचं काहीतरी करून वय काढून दिलं. ही मुलं मठ्ठ नव्हती. पुस्तकातल्या प्रत्येक उदाहरणाला उत्तर असतंच आणि ते दिलेल्या आकड्यांतूनच निघतं, हे ती अनुभवाने शिकली होती. तुमची मुलगी "बेरीज की वजाबाकी?" विचारते त्यामागेही हेच शहाणपण आहे. चार पर्याय आहेत, एक निवडायचा, मग मोठ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज घ्यायचा. (चेहरा वाचण्यात मुलं आपल्यापेक्षा फार हुशार असतात. तुम्ही "नक्की ना?" म्हणालात की ती लगेच दुसरी क्रिया सांगेल.)

मग करायचं काय? आधी अडचण नेमकी कुठे आहे ते तपासा. एखादं उदाहरण तिला वाचायला न लावता तुम्ही सावकाश, अर्थाप्रमाणे थांबत वाचून दाखवा. तेवढ्यानेच सुटलं तर तिचं गणित ठीक आहे, वाचन अडखळतंय. अक्षर लावण्यातच सगळं लक्ष गेलं की वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरली जाते. अशा मुलाला गणिताचा जास्त सराव देऊन काहीच साधत नाही, रोज मोठ्याने थोडं वाचून घ्यावं लागतं. वाचून दाखवल्यावरही "बेरीज की वजाबाकी?" आलंच, तर पुढचं वाचा.

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे आकडे काढून टाकणं. "बसमध्ये काही प्रवासी होते. थांब्यावर काही उतरले. मग काही उरले." एवढंच सांगा आणि विचारा, काय घडलं? आधी जास्त माणसं होती की नंतर? आकडेच नाहीत म्हटल्यावर बेरीज-वजाबाकी करायला काही उरत नाही, मुलाला गोष्टीकडे बघावंच लागतं. सुरुवातीला मुलं वैतागतात, "पण आकडे सांगा ना!" म्हणतात. सांगू नका. आपल्या शब्दांत गोष्ट सांगून झाली की मग आकडे द्या आणि विचारा, यातलं कोणतं आपल्याला माहीत आहे, कोणतं नाही? बसच्या उदाहरणात सुरुवात माहीत नाही हे एकदा दिसलं, की "उतरलेल्यांना परत बसवलं तर?" हे मुलं स्वतःच म्हणतात.

तुलनेची उदाहरणं सगळ्यात चिवट असतात, त्यामुळे त्यांवर जास्त वेळ द्या. अमेरिकेत टॉम हडसन या संशोधकाने लहान मुलांना चित्र दाखवलं, त्यात पक्षी जास्त आणि किडे कमी. "किड्यांपेक्षा पक्षी कितीने जास्त आहेत?" असं विचारल्यावर पहिलीतल्या सुमारे ६४ टक्के मुलांना जमलं. तेच चित्र दाखवून "प्रत्येक पक्षी एकेक किडा पकडायला धावला, तर किती पक्ष्यांना किडा मिळणार नाही?" असं विचारल्यावर सगळ्यांना जमलं. हा निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. वजाबाकी तीच, आकडे तेच. दुसऱ्या प्रश्नात जोड्या लावायच्या आहेत हे मुलाला दिसतं, पहिल्यात दिसत नाही. म्हणून 'कितीने जास्त' आलं की घरी आधी खऱ्या वस्तूंच्या जोड्या लावा. वर बटणांची एक रांग, खाली दुसरी, एकासमोर एक. जी बटणं एकटी राहिली ती म्हणजे 'कितीने जास्त'. हे पुरेसं झालं की बटणांऐवजी पट्ट्या काढा.

पट्ट्यांची पद्धत सिंगापूरच्या शाळांत १९८० च्या दशकात रुजली आणि तिथून जगभर गेली. करायचं इतकंच की प्रत्येक संख्येसाठी एक आडवी पट्टी काढायची, लहान संख्येची आखूड, मोठीची लांब. मीना-राजूच्या उदाहरणात विचारा: कोणाची पट्टी लांब? "तिच्याकडे राजूपेक्षा जास्त" म्हणजे मीनाची. ती वर काढून तिच्यावर १२ लिहा. खाली राजूची आखूड पट्टी. मीनाचा जो तुकडा पुढे आलाय त्यावर ५. राजूच्या पट्टीत प्रश्नचिन्ह. आता 'बेरीज की वजाबाकी' हा प्रश्न उरतच नाही, १२ च्या पट्टीतून ५ चा तुकडा बाजूला काढायचा आहे हे डोळ्यांना दिसतं. इथे मुलं एक चूक हमखास करतात: वाक्यात आधी मीनाचं नाव आलं आणि शेवटी 'जास्त' आलं, की राजूचीच पट्टी लांब काढतात. खोडून देऊ नका. पट्टीवर बोट ठेवून मूळ वाक्य परत वाचायला सांगा.

चित्र म्हणजे सुबक चित्र नव्हे, हेही सांगून ठेवते. काही मुलं बसची चाकं आणि खिडक्या रंगवत बसतात आणि प्रवासी राहूनच जातात. प्रवासी म्हणजे ठिपके, बस म्हणजे चौकोन.

भागाकारात चित्राचा आणखी एक फायदा आहे. "२० पेन्सिली ४ मुलांना सारख्या वाटल्या, प्रत्येकाला किती?" आणि "२० पेन्सिली प्रत्येकी ४ अशा दिल्या, किती मुलांना पुरल्या?" दोन्हींत २० ला ४ ने भागायचं आणि दोन्हींचं उत्तर ५. पण पहिल्यातल्या ५ पेन्सिली आहेत, दुसऱ्यातली ५ मुलं. पहिल्यात चार गोल काढून त्यांत एकेक पेन्सिल टाकत जायचं, दुसऱ्यात चार-चारचे गट पाडत जायचं. जे मूल ही दोन चित्रं वेगळी काढू शकतं त्याला भागाकार समजलाय असं मी धरते, मग उभी मांडणी चुकली तरी चालेल.

मोठ्या आकड्यांनी घाबरत असेल तर तेच उदाहरण लहान आकडे घालून आधी सोडवायला द्या. ३४८ आणि १२९ च्या जागी ५ आणि २. क्रिया तीच राहते. दोन पायऱ्यांच्या उदाहरणात ("३ खोक्यांत प्रत्येकी १२ पेन्सिली, त्यांतल्या ९ वाटल्या, किती उरल्या?") शेवटच्या प्रश्नाकडे एकदम नेऊ नका. "एवढ्या माहितीवरून तुला आत्ता काय काढता येईल?" असं विचारा. एकूण ३६ पेन्सिली आहेत हे तिने आपणहून काढलं की पुढचं सोपं जातं.

उत्तर आलं म्हणजे उदाहरण संपलं असं मात्र तिला वाटू देऊ नका. अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, ११२८ सैनिकांना न्यायला किती बसगाड्या लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण ३२ हे उत्तर २३ टक्क्यांनीच दिलं. २९ टक्के मुलांनी "३१, बाकी १२" असं लिहिलं आणि १८ टक्क्यांनी नुसतं ३१. या निकालाची चर्चा १९८३ पासून होत आली आहे. बाकी राहिलेले ते १२ सैनिक चालत जाणार का, हा प्रश्न फार थोड्यांच्या मनात आला. म्हणून उत्तर पूर्ण वाक्यात लिहून घ्या आणि ते गोष्टीत परत घालून वाचायला सांगा. "राजूकडे १७ गोट्या आहेत, मीनाकडे १२ आहेत, मीनाकडे ५ जास्त आहेत" असं तिने मोठ्याने वाचलं की चूक तिला स्वतःला ऐकू येते. तुम्ही 'चूक' म्हणण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

किती सराव द्यावा, हेही तुम्ही विचारलंय. एका बैठकीला दहा-पंधरा उदाहरणांचा रतीब मला पटत नाही. तेवढ्यात मुलं परत आकडे टिपायला लागतात, शिवाय पुस्तकातल्या एका पानावरची सगळी उदाहरणं बहुधा एकाच क्रियेची असतात, त्यामुळे वाचायची गरजच पडत नाही. दोन किंवा तीन द्या, पण वेगवेगळ्या धड्यांतून उचललेली. मधूनच एखाद्यात नको असलेला आकडा घुसडा, एखाद्यात हवी ती माहितीच देऊ नका. "हे सुटणारच नाही" असं ती म्हणाली तर शाबासकी त्यालाच सगळ्यात मोठी द्या. परीक्षेत चित्र काढायला वेळ पुरणार नाही अशी भीती बऱ्याच पालकांना असते. दोन पट्ट्यांना काही सेकंद लागतात, आणि सवय झाली की साधी उदाहरणं मुलं चित्राशिवायच करू लागतात. अडलं तरच समासात पट्टी काढतात.

ती अडून बसली तर क्रिया सांगू नका, एवढं एक पथ्य पाळाच. "वजाबाकी कर" म्हटलं की ते उदाहरण सुटतं आणि पुढचं अडतं. त्याऐवजी गोष्ट परत सांगायला लावा, नाहीतर ते उदाहरण सरळ उद्यावर टाका.

आठवड्यातून एकदा उलटं करा. तिला नुसतं १५ − ८ द्या आणि त्यावर शाब्दिक उदाहरण रचायला सांगा. बहुतेक मुलांची पहिली गोष्ट 'होते, गेले, उरले' अशीच असते. ती झाली की त्याच १५ − ८ वर तुलनेची गोष्ट मागा, मग सुरुवात माहीत नसलेली. ही शेवटची अवघड आहे, तुम्हालाही क्षणभर थांबावं लागेल. तिने रचलेली उदाहरणं तुम्ही तिच्यासमोर सोडवा. काहींत माहिती अपुरी असेल, काहींत प्रश्न लिहायचाच राहिलेला असेल. तुम्ही मनाने भर घालू नका. "इथे मला कळत नाहीये, कोणाकडे किती होत्या?" असं विचारा आणि दुरुस्ती तिलाच करू द्या.