ओट्यावरचं गॅरेज: टोचन करू की ट्रकवर चढवू?

प्रश्न : आप्पा, नमस्कार. नाशिकला १९६२ ची महिंद्रा जीप घेतली. इंजिन जाम आहे, बाकी गाडी धडधाकट. चुलतभावाच्या बोलेरोला टोचन करून चोपड्याला आणायचा विचार आहे. गियर न्यूट्रल ठेवला की झालं ना? – एक वाचक, चोपडा

उत्तर : नाही झालं, दादा. पण जीप घेतलीत, त्याबद्दल आधी तोंड गोड करा.

तुमचा रस्ता माझ्या पायाखालचा आहे. नाशिक ते धुळे दीडशेच्या वर किलोमीटर, पुढे अमळनेर, मग तापी ओलांडून चोपडा. चांदवड सोडलं की राहूड घाट, धुळ्याच्या तोंडाशी लळिंग, आणि तुम्ही येता त्या दिशेने दोन्ही उतार. चढावर टोचन दोर ताणलेला असतो, त्याची भीती नाही. मरण उतारावर असतं.

१९९४ साली मालेगावहून अशीच एक जीप आणली. पुढे मेटाडोर, मागे जीपमध्ये मी. चाकाच्या सिलिंडरमधून तेल गळत होतं, ब्रेक नावालाच. लळिंगच्या उतारावर जीप मेटाडोरवर धावून जायला लागली. मेटाडोरच्या मागच्या दारातून पोरगा ओरडला, "आप्पा, मांगली गाडी आपले ढकली ऱ्हायनी!" ड्रायव्हरने घाबरून वेग वाढवला. तोवर ढिला पडलेला दोर माझ्या पुढच्या चाकाखाली गेला होता, तो एकदम ताणला गेला आणि बंपरचा बोल्ट सुपारीसारखा फुटला. मी जीप कडेच्या मुरुमात घातली. जाळी चेपली, माझं काही गेलं नाही. पण त्या दिवसापासून दोराने लांबचं टोचन बंद.

कायदाही तेच सांगतो. बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत ओढायची, तेवढीच मुभा. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, मागच्या गाडीत लायसनवाला माणूस हवा, पाठीमागे 'ऑन टो' अशी पाटी हवी आणि वेग ताशी पंचविसाच्या आत. त्या वेगाने चोपडा गाठायला नऊ-दहा तास, तेही कुठे चहाला न थांबता.

आता न्यूट्रलचं. या जीपला गियरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते, म्हणजे ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटणारी पेटी, तिचे दांडे वेगळे. नुसता गियरबॉक्स न्यूट्रल ठेवून ओढलं, तर चाकं मेन शाफ्टला फिरवत राहतात. इंजिन बंद, म्हणून खालचा काउंटर शाफ्ट गप्प. तेल उडवून वर पोचवायचं काम त्याचं. म्हणजे मेन शाफ्टची बेअरिंगं कोरडी फिरणार. गावातल्या गावात ओढायची असेल तर ट्रान्सफरचा दांडा न्यूट्रलला आणि पुढच्या चाकांचा दांडा सोडवलेला, एवढं पुरतं. त्यापुढे जायचं तर मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणारी फिरती लांब नळी, काढून ठेवा. काढण्याआधी दोन्ही बाजूंना छिन्नीने खूण करा आणि शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसच्या कपांवर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर आतल्या सुया रस्ताभर वेचाल.

आणि इथेच नवखा फसतो. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागे त्याच शाफ्टवर आहे. शाफ्ट काढला की हँडब्रेकही गेला. मागे मागे फिरायला नोकर नसेल तर चाकाला लाकडी गुटका लावल्याशिवाय गाडी सोडू नका.

म्हणून माझं ऐका, ट्रकवर चढवा. जीप जेमतेम अकरा फूट लांब, वजन टनाच्या आसपास, चौदा फुटी ट्रकमध्ये आरामात बसते. आपल्याकडची केळी मुंबईला खाली करून नाशिकमार्गे रिकामे परतणारे ट्रक असतात. चोपड्याच्या किंवा रावेरच्या एखाद्या केळी व्यापाऱ्याला विचारा, परतीचं भाडं नेहमीपेक्षा कमी पडतं. शाफ्टला हात लावायची गरज नाही. चढवायला फळ्या वापरू नका, मातीचा धक्का, म्हणजे ट्रकच्या उंचीचा उंचवटा, शोधा. बेल्ट बांधताना चासीला नाही, पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या हाऊसिंगला बांधा. चासीला बांधलं तर प्रत्येक खड्ड्यात स्प्रिंगचे पाटे दबतात, बेल्ट ढिला होतो आणि जीप ट्रकमध्ये नाचते. टप उतरवून घडी करा. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, झाकणाचं वायसर तपासा, बॅटरीची वायर काढा.

कागदांचं थोडक्यात : आरसी बुकावरचा चासी नंबर नाशिकलाच ताडून घ्या, चोपड्याला आल्यावर नको. पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. पण मग ती गाडी रोज शेतात न्यायला मिळत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. तुम्हाला मिरवायची आहे की केळीच्या बागेत फिरवायची, ते आधी ठरवा.

आणि हो, नाशिकचा धक्का शोधाल, पण उतरवायला चोपड्यात धक्का कुठे आहे, तो ट्रक ठरवायच्या आधी बघून या.