मिशिगन स्टेडियम एवढं मोठं आहे म्हणतात, मग बाहेरून बुटकं का दिसायचं? आणि 2010 च्या रिनोव्हेशनने त्याची मजा गेली का?

मी अॅन आर्बरला, म्हणजे अमेरिकेत हे स्टेडियम जिथे आहे त्या मिशिगन विद्यापीठात, एमएस करायला 2009 च्या ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा काम अर्धवट चालू होतं, त्यामुळे दोन्ही अवतार बघितलेत. (स्टेडियम विद्यापीठाच्या फुटबॉल टीमचं, पण फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल हां, पायाने खेळतात तो नाही.)

बुटकं दिसायचं कारण ते बांधलं कमी आणि खणलं जास्त. बराचसा भाग जमिनीखाली आहे. तुम्ही रस्त्यावरून गेटमधून आत शिरता ते थेट वरच्या रांगांपाशी, आणि समोर एकदम खाली हा एवढा मोठा खड्डा, तळाला मैदान. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आमच्या गावची पायऱ्यांची विहीर आठवली, फक्त लाखभर माणसं बसलेली.

हे डोकं फील्डिंग योस्टचं. आधी मिशिगनच्या टीमचा कोच, मग विद्यापीठाच्या खेळ विभागाचा प्रमुख, म्हणजे अॅथलेटिक डायरेक्टर. येल विद्यापीठाचं वाडग्यासारखं स्टेडियम, ‘येल बोल’ (Yale Bowl), डोळ्यासमोर ठेवून त्याने 1927 मध्ये हे उभं केलं, खर्च साडेनऊ लाख डॉलर, आणि पैसे उभे केले 500 डॉलरचे बाँड विकून, वर बाँड घेणाऱ्याला तिकिटाची हमी. तेव्हा क्षमता 72,000 होती पण पठ्ठ्याने पाया असा घालून ठेवला की पुढे लाखाच्या वर नेता येईल. मी सिव्हिलवाला असल्याने मला हा भाग सगळ्यात भारी वाटतो, 1927 मध्ये 72 हजार भरतील का हाच प्रश्न असताना लाखाचा पाया मागणं म्हणजे. जमिनीत पाणी इतकं होतं की एक क्रेन चिखलात गेली आणि अजून खालीच आहे असं तिथे सगळे सांगतात, खरंखोटं देव जाणे.

1956 मध्ये आकडा झाला 1,01,001. शेवटचा 1 म्हणजे फ्रिट्झ क्रिस्लर या जुन्या कोच आणि डायरेक्टरच्या मानाची एक खुर्ची, ती कुठे आहे ते सांगत नाहीत. आता 1,07,601.

आता रिनोव्हेशन. 22.6 कोटी डॉलर, 2008 ते 2010, आणि मॅचेस चालूच. पूर्व-पश्चिम दोन्ही बाजूंना विटांच्या उंच इमारती, त्यात श्रीमंतांचे सूट (मॅच बघायच्या बंद, आलिशान खोल्या) आणि क्लबच्या सीट. यावर लोक जाम भडकले होते, साध्या बाकांवर सगळे सारखे हीच तर इथली मजा, असं म्हणणं. मलाही पटायचं. पण व्हीलचेअरच्या जागा आधी फारच कमी होत्या, त्यावरून अपंग माजी सैनिकांच्या संघटनेने 2007 मध्ये केस केली, 2008 मध्ये तडजोड झाली आणि जागा बऱ्याच वाढल्या. हे कौतुकाने कुणी सांगत नाही, सगळे सूटवरच बोलतात.

आणि आवाज! जुना वाडगा उघडा, ओरडलेलं सगळं वर आकाशात जायचं, लाख माणसं असून त्या मानाने शांतच. 4 सप्टेंबर 2010 ला कनेक्टिकटविरुद्ध पहिली मॅच, 1,13,090 माणसं, मी स्टुडंट सेक्शनमध्ये अॅल्युमिनियमच्या बाकावर उभा (बसत कुणीच नाही तिथे, बाकावरचा नंबर बुटाखाली), आणि आमचा क्वार्टरबॅक (हल्ल्याची सूत्रं ज्याच्या हातात असतात तो खेळाडू) डेनार्ड रॉबिन्सन बॉल घेऊन सुटला की आवाज त्या भिंतींवर आपटून परत अंगावर यायचा. शेजारचा सीनियर, जो वर्षभर सूटच्या नावाने खडे फोडत होता, तो काहीतरी ओरडून सांगत होता, मला एक शब्द ऐकू आला नाही.

म्हणजे बाहेरून ते आता बुटकं दिसत नाही, हे खरं. तेवढं मला अजून खटकतं. आतून विचाराल तर मी नव्याच्या बाजूने आहे. जाणार असाल तर नोव्हेंबरच्या मॅचला बाकावर टाकायला जाड काहीतरी न्या, तो धातू थंडीत अक्षरशः चावतो.