प्रश्न तुमचे : ज्या उन्हाने मासा बेजार होतो, त्याने जिवाणू का मरत नाही?

प्रश्न : आमच्या शेततळ्यात रोहू आणि कटला आहेत. सलग दोन वर्षे मे महिन्याच्या अखेरीस पहिला वळीव झाला की आठवड्याभरात माशांच्या अंगावर लाल चट्टे येतात, पोट फुगते, खवले उभे राहतात आणि मासे मरू लागतात. तपासणीत ‘एरोमोनास हायड्रोफिला’ हा जिवाणू सापडला. तो पाण्यात बारमाही असतोच, असे सांगतात. मग एरवी तो गप्प का असतो? आणि उन्हाचा त्रास त्याला होत नाही का?
(एक मत्स्यशेतकरी, सिन्नर तालुका)

उत्तर : आपल्याला मिळालेली माहिती बरोबर आहे. हा जिवाणू गोड्या पाण्यात, तळाच्या गाळात आणि धडधाकट माशाच्या आतड्यातही असतो. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर शाबूत आणि रक्तातील पेशी दक्ष असतात, तोवर त्याचे काही चालत नाही.

आपण ज्याला कडक ऊन म्हणतो, ते या जिवाणूला मानवते. 28 अंश सेल्सिअसच्या आसपास तो जोमाने वाढतो आणि त्याहून गरम पाणीही सहन करतो. माशाची गोष्ट वेगळी आहे. 20 अंशांच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर 30 अंशांना जेमतेम साडेसात. म्हणजे ज्या वेळी माशाच्या शरीराला प्राणवायू अधिक लागतो, नेमका त्याच वेळी तो कमी मिळतो. त्यात न खाल्लेले खाद्य आणि विष्ठा यांतून अमोनिया साचतो. पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचे माप) 7 असेल तर त्यातला एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो, पण शेवाळाने हिरव्या झालेल्या तळ्यात भर दुपारी सामू 9 वर गेला की हाच भाग 40 टक्क्यांच्या घरात पोहोचतो. अशा दिवसांत माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढलेले राहते आणि त्यामुळे त्याची प्रतिकारशक्ती मंदावते. मग वळीव येतो, वरचे पाणी एकाएकी गार होऊन खाली बसते आणि तळाचे प्राणवायूहीन पाणी ढवळून वर येते. दुसऱ्या दिवशी पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसले असतील, तर रोगाची सुरुवात तिथेच झाली, असे समजावे.

आता जिवाणूवरील ताणाविषयी. उपासमार, थंडी, खारटपणा किंवा औषधांची मात्रा हे त्याचे खरे ताण. अन्न संपले की अनेक जिवाणू आकाराने लहान होतात, वाढ थांबवतात आणि संरक्षक प्रथिने तयार करतात. गंमत अशी की उपासमारीत कमावलेला हा चिवटपणा पुढे उष्णतेशी आणि जंतुनाशकांशी झुंजतानाही कामी येतो. काही जिवाणू तर जिवंत असूनही प्रयोगशाळेतील बशीत वाढेनासे होतात. 1982 साली अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पटकीच्या (कॉलराच्या) जिवाणूत ही अवस्था दाखवली आणि पुढे ती एरोमोनासमध्येही आढळली. त्यामुळे पाण्याचा नमुना ‘निर्दोष’ आला म्हणून तळे निर्धोक झाले, असे मानू नये. शेततळ्याच्या प्लास्टिक अस्तरावर हात फिरवला तर जो निसरडा थर लागतो, तोही अशा जिवाणूंचा आसरा असतो.

तरीही ताणामुळे जिवाणू अधिक घातकच होतो, असा सरसकट नियम नाही. ताण फार झाला तर तोही खंगतो. मात्र एक बाब लक्षणीय आहे. घाबरलेल्या किंवा गुदमरलेल्या माशाच्या शरीरात ताणाचे संप्रेरक नॉरअ‍ॅड्रेनलिन स्रवते आणि तेच द्रव्य प्रयोगशाळेत मिसळले असता एरोमोनासची वाढ वेगाने होते. म्हणजे यजमानाची घाबरगुंडी पाहुण्याच्या पथ्यावर पडते! म्हणूनच उन्हाळ्यात भर दुपारी जाळे ओढू नये.

उपायांत पहिला मान एरेटरचा, म्हणजे पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राचा. तो मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत चालवावा, कारण प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. ढगाळ दिवशी खाद्य थांबवावे आणि थोडे थोडे पाणी बदलावे. सामू न मोजता चुना टाकू नये. सामू आधीच चढलेला असेल तर चुन्याने अमोनियाचे विष वाढते. प्रतिजैविके अंदाजाने वापरू नयेत. अपुरी मात्रा हाही जिवाणूवरचा ताणच असतो आणि त्यातून तगलेले जिवाणू पुढच्या वर्षी त्याच औषधाला दाद देत नाहीत. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांना तर मत्स्यपालनात बंदीच आहे.

एक सावधगिरी. असे चट्टे किंवा व्रण (उघड्या जखमा) हिवाळ्यात दिसले, तर फेरतपासणी करावी. 1988 साली भारतात शिरलेल्या माशांच्या व्रणरोगाचे मूळ ‘अ‍ॅफॅनोमायसिस’ हा बुरशीसदृश जीव आहे, पण त्या व्रणांतही एरोमोनास हटकून सापडत असल्याने बराच काळ संशय त्याच्यावरच होता.

प्रश्न : अशा तळ्यातले मासे खाल्ले तर चालतात का?
(एक गृहिणी, ठाणे)

उत्तर : चट्टे आलेले किंवा मेलेले मासे विकू नयेत आणि खाऊही नयेत. एरवी मासा नीट शिजवला की हा जिवाणू मरतो. फ्रीजच्या गारव्यावर मात्र भिस्त ठेवू नये, कारण याच्या काही जाती 4 अंशांनाही सावकाश वाढत राहतात. हाताला जखम असताना मासे साफ करायचे असतील तर रबरी मोजे घालावेत. या जिवाणूमुळे माणसाची जखमही चिघळते.