होळकर धनगर, मग इंदूरकडे दख्खनी मेंढी का नाही?

तुम्ही विचारलंय की होळकर मूळचे धनगर, तरी माळव्यात दख्खनी मेंढरं का दिसत नाहीत आणि उन्हाळ्यात येणारे कळप कुठले.

मल्हाररावांचा जन्म 1693 मध्ये नीरेकाठच्या होळ गावचा. ते माळव्यात आले लढवय्ये आणि सुभेदार म्हणून. मेंढरं माण, खटाव, सांगोला, आटपाडीकडेच राहिली. खरं कारण जमिनीत आहे. तिकडे पाऊस साधारण 500 मिमी, जमीन मुरमाड, गवत आखूड. इंदूरकडे पाऊस जवळपास दुप्पट आणि काळी माती. ती खुरांच्या बेचक्यात चिकटते, सुकत नाही, कातडी मऊ पडते, जंतू शिरतात आणि खूर सडतात. मेंढी पुढचे गुडघे टेकून चरताना दिसली की समजावं. वाढलेलं खूर कापून 10 टक्के झिंक सल्फेटच्या पाण्यात पाय बुडवावेत आणि तासभर कोरड्या जागेवर उभं करावं. परत चिखलात सोडलं तर सगळं वाया.

उन्हाळ्यातले कळप मारवाडातले, बहुतेक पाली-जोधपूरकडच्या रायका-रबारी मेंढपाळांचे. नीमच-मंदसौरवरून येतात, गहू-हरभरा निघालेल्या रानात चरतात. खतासाठी रात्री शेतात मेंढ्या बसवायच्या असतील तर मोबदला धान्यात की पैशात ते आधीच ठरवा, आणि रोज रात्री जागा बदलायला सांगा. एकाच जागी बसल्या तर पुढचं पीक तिथे माजून लोळतं. लेंड्या-मूत लगेच वखरून मातीआड करा. उन्हात नत्र उडून जातं.