फोटो एडिटिंगसाठी पहिला मॉनिटर घेताना

सगळ्यात आधी पॅनेल, म्हणजे स्क्रीनचा प्रकार, बघा. आयपीएस असेल तरच पुढचं वाचा. टीएन या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलसमोर मान जरा वर-खाली केली की त्याच आभाळाची निळाई बदलते, मग कुठली खरी मानायची?

दुसरं, एसआरजीबी (वेबवरचा नेहमीचा रंगांचा आवाका) शंभर टक्के किंवा त्याच्या अगदी जवळ हवं. त्याहून मोठा आवाका असलेल्या अ‍ॅडोबी आरजीबीच्या मागे आत्ता लागू नका. बहुतेक फोटो शेवटी मोबाइलवर किंवा वेबवरच बघितले जातात, तिथे एसआरजीबी पुरतं. डेल्टा ई (दिसणारा रंग खऱ्या रंगापासून किती चुकतो त्याचं माप) २ पेक्षा कमी असेल तर उत्तम. साइज २४ इंच, फुल एचडी चालेल. २७ घेणार असाल तर १४४०पी (२५६०×१४४० पिक्सेल) घ्या.

नवीन माणसाची हमखास चूक म्हणजे ब्राइटनेस. कंपनीतून आलेला मॉनिटर भगभगीत असतो, म्हणून आपण फोटो गडद करत जातो आणि प्रिंट काळपट येते. माझे पहिले प्रिंट असेच आले होते, चेहऱ्यावरच्या सावल्या पार बुजलेल्या. ब्राइटनेस १०० ते १२० निट्सच्या (उजेडाचं एकक) आसपास आणा. नाइट लाइट, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, 'व्हिव्हिड' मोड, सगळं बंद. खिडकीचं ऊन स्क्रीनवर पडू देऊ नका.

आणि बजेटमधले थोडे पैसे कॅलिब्रेटरसाठी, म्हणजे मॉनिटरचे रंग मोजून अचूक करायला मदत करणाऱ्या उपकरणासाठी, बाजूला ठेवाच. महागडा पण कॅलिब्रेट न केलेला मॉनिटर घेण्यापेक्षा मध्यम मॉनिटर आणि कॅलिब्रेटर ही जोडी कधीही बरी. कॅलिब्रेटर मित्राकडून उसना मिळाला तरी चालेल. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून मगच कॅलिब्रेट करा.

एचडीआर, १०-बिट, हार्डवेअर कॅलिब्रेशन हे सगळं नंतर बघू. दोन-तीन मॉडेलं निवडलीत की नावं सांगा, नक्की बघून सांगतो.