साडेचार वर्षांच्या अंध भाचीला घरी वाचनाची गोडी कशी लावावी?

भाची पूर्ण अंध आहे, अंगणवाडीत सगळी चित्रांचीच पुस्तकं, मग घरी काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

अक्षरांची घाई करू नका. आधी गोष्ट हाताला लागू द्या. बाजाराची गोष्ट असेल तर पिशवीत खरं संत्रं, मेथीची जुडी, नाणी ठेवा आणि ज्याचं नाव येईल ते तिला शोधून काढू द्या. प्लास्टिकचं संत्रं अजिबात नको, त्याला ना वास ना रस. हंगामात नागपुरात खऱ्याला तोटा नाही. दाखवताना तिचा हात धरून ओढू नका. तुमचा हात तिच्या हाताखाली ठेवा.

ब्रेल म्हणजे बोटांनी वाचायची लिपी, तिचं प्रत्येक अक्षर सहा जागांमधल्या उठावाच्या ठिपक्यांनी बनतं. ती शिकवायला अंड्यांचा ट्रे कापून सहा खळगे ठेवा. डावीकडे वरून खाली १, २, ३. उजवीकडे ४, ५, ६. पहिल्यात लिंबू ठेवलं की अ, पहिल्या आणि तिसऱ्यात ठेवलं की क.

हे जमायची वाट न बघता तिच्या डब्यावर, खुर्चीवर ब्रेलमध्ये नाव चिकटवा. डोळस मुलांना रस्त्यावरच्या पाट्या आपोआप दिसतात, तिच्या बोटांसाठी त्या मुद्दाम लावाव्या लागतात.

शाळेत नाव घालताना समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतल्या विशेष शिक्षकांची, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांची, चौकशी नक्की करा.